न पिणाऱ्या माणसाच्या नोंदी

आमच्या गावच्या दारूबंदी महिला मंडळाची मी अकरा वर्षं सचिव होते. त्यातली तीन वर्षं मंडळाच्या रजिस्टरात सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव माझ्या नवऱ्याचं होतं. ते मीच लिहीत होते. मंडळात वाचता येईल असं अक्षर माझंच होतं, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळत नाही असं नाही. मिळते, पण मिळते असं कोणी म्हणत नाही. आमचं गाव आंजीपासून जवळ, आणि कोणत्या नाल्याकाठी काय शिजतं हे आम्हा बायकांना पाठ होतं. कोण पिऊन आला, किती वाजता आला, घरात काय केलं, हे रजिस्टरात लिहायचं, महिन्याच्या बैठकीत वाचायचं, आणि समजावून सांगूनही फरक पडला नाही की पाच-सहा जणींनी त्या घराची झडती घ्यायची, अशी पद्धत होती. पद्धत मीच सुचवली होती.

माझा नवरा पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, लोखंडी कपाटं रंगवणारा. वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या पलीकडे एका शेडमध्ये कपाटांचा कारखाना होता, तिथे ते सोळा वर्षं, आणि त्याआधी दुसऱ्या कारखान्यात, गनने रंग मारत होते. घरचा भाजीपाला मी आणि सासूबाई बघायचो. वांगी, मेथी, कोथिंबीर. सकाळच्या बसने माल वर्ध्याच्या बाजारात न्यायचा आणि दुपारी परत यायचं. लग्नसराईत कपाटांना फार मागणी असते, कारण आंदणात कपाट नसलं तर लोक मुलीच्या बापाकडे बघतात. त्या दिवसांत माझा नवरा सकाळी आठला निघायचा आणि दिवेलागणीला यायचा.

ते येण्याआधी त्यांचा वास यायचा. गोडसर, नाकात झोंबणारा. लग्न झालं तेव्हापासून तो होता, म्हणून मला तो त्यांचाच वास वाटायचा. एखाद्याला घामाचा असतो, यांना हा.

मग एका उन्हाळ्यात ते मोटारसायकल उभी करताना तिच्यासकट आडवे झाले. त्यानंतर अंगणातून ओट्यापर्यंत येताना भिंतीला हात लावून यायला लागले. डोकं दुखतं म्हणायचे. जेवताना चव लागत नाही म्हणायचे. डाळ करपून घरभर धूर झाला तरी चुलीजवळ बसून राहायचे, वास आला नाही म्हणायचे. एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी ताट भिरकावलं. मीठ जास्त झालेलं नव्हतं. सासूबाईंनी आणि मी नंतर चाखून बघितलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं.

"पेऊन आले का तुमी?"

"म्या कधी पेली हाय? तुले मालूम नाई का?"

"मंग झोकांड्या काऊन खाऊन राह्यले?"

"डोस्कं फिरून राह्यलं माह्यं. कामावरचं हाय ते."

कामावरचं आहे, हे मी नीट ऐकलं. कामावर दारू मिळते, असा त्याचा अर्थ लावला आणि दुसऱ्या दिवशी पहिली नोंद केली. सचिवाचा नवरा आहे म्हणून सोडला, असं कोणी म्हणू नये, हा माझा विचार. बैठकीत मी ती नोंद स्वतः वाचली. आमच्या अध्यक्षबाई म्हणजे साठीच्या, दारू पिणाऱ्या नवऱ्याला आणि नंतर दिराला सरळ केलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "सचिवबाई, तुह्यी हिंमत हाय वो." मला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर मी बाटली शोधायला लागले. धान्याची कोठी, गोठा, मोटारसायकलची डिक्की, गादीची खोळ, विहिरीवरची मोटर झाकलेलं पत्र्याचं खोकं. तीन वर्षांत मला दोन हरवलेले विळे, एक बंद पडलेला टॉर्च आणि सासूबाईंनी माझ्यापासून लपवलेली तंबाखू सापडली. बाटली सापडली नाही. यावरून मी असा निष्कर्ष काढला की नवरा हुशार आहे.

कारखान्याला सुट्टी सोमवारी. सोमवारी संध्याकाळी ते सरळ चालायचे. दिवाळीला आठ दिवस कारखाना बंद राहिला, तेव्हा चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या आणि बांधताना गाणं गुणगुणले. मी हे सगळं बारकाईने पाहिलं आणि बैठकीत सांगितलं की दारू कारखान्यात येते, कारण कारखाना बंद असला की माणूस शुद्धीवर असतो. सगळ्या जणींनी माना डोलावल्या. माझं म्हणणं सगळ्यांना पटेल असं होतं.

पहिल्या वर्षी ते दर वेळी सांगायचे, मी पीत नाही. दुसऱ्या वर्षी कधीमधी सांगायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनी सांगणं सोडलं. ते ओट्यावर बसायचे आणि मी बोलत असले की माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. माणूस कबूल झाला की असाच गप्प होतो, हे मला मंडळाच्या कामातून माहीत होतं.

त्याच वर्षी मुलीचं लग्न झालं. मुलगी रोहण्याला दिली. आंदणाचं कपाट यांनी स्वतः रंगवलं, तीन दिवस घरीसुद्धा त्याचंच बोलत होते. मोरपंखी रंग, वर चकाकी. टेम्पोतून कपाट मांडवापाशी उतरलं आणि वरचं गोणपाट काढलं, तेव्हा माणसं वळून बघायला लागली. डावं दार निळं होतं आणि उजवं दार हिरव्याकडे झुकलेलं. लांबून बघणाऱ्यालाही कळत होतं. नवरदेवाकडची एक बाई पदर तोंडाला लावून आत गेली.

मी त्यांना बाजूला घेतलं.

"दोन दारं दोन रंगाची हायेत."

ते कपाटाजवळ गेले. डोळे बारीक करून दोन्ही दारांवरून हात फिरवला. परत आले.

"एकच तं रंग हाय," ते म्हणाले. "कोन म्हनते दोन हायेत?"

खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. पण मी त्या दिवशी मुलीची आई होते, मला चेहरा बघायला वेळ नव्हता. मुलीनं ते कपाट नेलं. अजून वापरते. कोणी विचारलं तर हल्ली अशीच फॅशन आहे म्हणून सांगते.

लग्नानंतर महिन्याभरात ते आंजीच्या रस्त्यावर मोटारसायकलसकट नालीत गेले. लागलं फार नाही. पुढच्या नाक्यावर पोलीस होता. त्याने मला फोन केला, मी शेजाऱ्याच्या ऑटोने गेले. पोलिसाने मशीनमध्ये फुंकायला लावलं होतं. माझा नवरा रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता आणि पोलीस मशीनकडे बघत होता.

"बाई, यायनं पेली नाई," तो म्हणाला. "शून्य दाखवून राह्यलं."

"मशीन बिघडली असन," मी म्हणाले.

"दोनदा फुंकवलं. मंग मी सोताच फुंकून पाह्यलं."

"तुमी पेली नसन म्हनून तुमचंबी शून्य येते."

पोलिसाने मशीन पिशवीत ठेवली. नवऱ्याच्या बाजूने भांडणाऱ्या बायका त्याने पाहिल्या असतील. नवरा प्यालेला आहे असं पोलिसाला पटवून देणारी बाई त्याला नवीन असावी. त्याने दोघांनाही घरी जायला सांगितलं. रजिस्टरात मी त्या दिवशी लिहिलं: प्यालेले होते, मशीन नादुरुस्त.

यानंतर झडती ठरली. खरं तर ती फार आधीच व्हायला हवी होती, पण सचिवाच्या घरी जायला बायकांना अवघड वाटत होतं. शेवटी अध्यक्षबाईंनीच विषय काढला, आणि मी हो म्हणाले. सोमवार होता, दुपारची वेळ. नवरा ओट्यावर बसून घराच्या लोखंडी गेटाची कडी दुरुस्त करत होता. पाच बायका आल्या, त्यांना मी चहा केला, आणि मग आम्ही घर तपासलं. स्वतःच्या घराची झडती घेताना कुठे काय आहे हे आधीच माहीत असतं, त्यामुळे लवकर होते.

बाटली गेटामागेच होती. शीतपेयाची मोठी बाटली, पाण्यासारख्या नितळ द्रवाने अर्धी भरलेली. लपवलेली नव्हती. अध्यक्षबाईंनी बूच काढून वास घेतला आणि डोकं मागे घेतलं.

"हे तं भल्लीच कडक हाय वो. हातभट्टीची नाई वाटत."

"थिनर हाय ते," माझा नवरा ओट्यावरून म्हणाला. "गेटाले रंग मारासाठी आनलं."

त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. झडतीत घरच्या पुरुषाच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, असा आमचा नियम होता. अध्यक्षबाईंना पुरावा म्हणून थोडं वेगळं काढून ठेवायचं होतं. हळदीकुंकवाच्या वेळचे थर्माकोलचे गिलास माझ्याकडे उरले होते, त्यातला एक मी दिला. त्यांनी तो अर्धा भरला आणि ओट्याच्या कडेला ठेवला.

गिलास बसायला लागला. म्हणजे एखादं माणूस उकिडवं बसतं तसा तो खालून आत गेला, मग बाजूने वाकला, आणि आम्ही बघत असतानाच त्याचा पांढरा चिकट गोळा झाला. आतलं सगळं ओट्यावरून वाहत अध्यक्षबाईंच्या चपलेपर्यंत आलं. त्यांनी पाय मागे घेतला.

"हे पेलं तं मानूस सांजपर्यंत जित्ता राह्यन का?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"पेत नाई," माझा नवरा म्हणाला. "त्यानं हात धुतो."

"हात?"

"रोज. रंग निंगत नाई दुसऱ्या कायनं."

बायका निघून गेल्या. बाटलीचं काय करायचं हे ठरलं नाही, म्हणून ती तिथेच राहिली. मी ओटा पुसायला घेतला आणि पुसता पुसता माझ्या लक्षात आलं की चोवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी विचारलं नव्हतं की दिवसभर तुम्ही नेमकं काय करता. कपाटं रंगवतात, एवढं माहीत होतं. त्यांनीही मला कधी विचारलं नव्हतं की भाजी कशी विकतेस.

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून मी कारखान्यात गेले. मालकाने मला ओळखलं नाही, मग ओळखलं. माणूस चांगला होता. पूर्वी स्वतःच पेंटर होता, मग शेड टाकली.

"आत नोका जाऊ वहिनी," तो म्हणाला. "पडदा उघडला का रंगावर धूळ बसते."

मी गेले. रंगाची खोली म्हणजे शेडचा एक कोपरा पत्र्याने बंद केलेला, आणि दाराच्या जागी जाड प्लास्टिकचा पडदा. पंखा होता, पण बंद. वाऱ्याने धूळ उडते आणि ओल्या रंगावर चिकटते, म्हणून तो कधीच लावत नसत. एप्रिल महिना, वर पत्रा. आत हवेत रंगाचं धुकं होतं आणि त्या धुक्यात माझा नवरा तोंडाला दुपट्टा बांधून कपाटावर गन फिरवत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एकही थेंब न ओघळता. मी त्यांना काम करताना पहिल्यांदाच पाहत होते. हात फार सफाईने चालत होता. कोपऱ्यात डब्यात थिनर होतं, त्यात चिंध्या पडल्या होत्या, आणि डब्याशेजारी मी सकाळी दिलेला जेवणाचा डबा होता.

दोन दारं रंगवून होईपर्यंत मी उभी राहिले. मग माझं डोकं हलकं झालं, कानात काहीतरी वाजायला लागलं. पडदा सारून बाहेर आले तेव्हा पायाखालची जमीन मऊ लागत होती. मी भिंतीला हात लावला आणि हाताने भिंत धरून मालकाच्या खुर्चीपर्यंत गेले. तशा अवस्थेत मी बसमधून गावात उतरले असते, तर त्या दिवशीच्या पानावर मी स्वतःचं नाव लिहिलं असतं.

याआधी एकदा मी नवऱ्याला एका डॉक्टरकडे नेलं होतं. खोलीत शिरल्याबरोबर मीच सांगितलं होतं की हे पितात, म्हणून त्यांनी यकृताचं औषध दिलं आणि सोडा असं सांगितलं. ते औषध यांनी चार महिने इमानदारीने घेतलं. या वेळी आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो आणि मी ठरवलं की काही बोलायचं नाही.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं आधी त्यांना विचारलं, "काका, काम काय करता?" मग त्या कामाबद्दल अर्धा तास विचारत राहिली. खोली किती मोठी, पंखा कुठे, तोंडाला काय बांधता, हात कशाने धुता, जेवता कुठे. मग तिनं तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बैल, खुर्ची, पाणी. शंभरातून सात वजा करत जा म्हणाली. त्र्याण्णव त्यांनी सांगितलं, पुढे छताकडे बघत राहिले. मी शहाऐंशी म्हणाले.

"काकू, तुमची परीक्षा नाही," ती म्हणाली.

तिनं कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल फार सुंदर काढला, पेंटरच्या हाताचा. मग बाराही आकडे उजव्या अर्ध्यात भरले आणि डावी बाजू रिकामी ठेवली. कागद दूर धरून पाहिला. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मग तिनं ते तीन शब्द विचारले. ते म्हणाले, बैल. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, बैल. मी खिडकीबाहेर बघत बसले. डोळे बंद करून उभं राहायला सांगितलं तेव्हा ते डावीकडे कलले आणि तिनं त्यांना धरलं.

"हे कधीपासून आहे?" तिनं मला विचारलं.

"रजिस्टरात हाय," मी म्हणाले.

कुठल्या रजिस्टरात, ते सांगायला मला थोडा वेळ लागला. पुढच्या वेळी मी ते घेऊन गेले. तिनं माझ्यासमोर तीन वर्षांच्या नोंदी वाचल्या. एकदा हसली, बहुतेक मशीन नादुरुस्त वाचून, आणि लगेच हसू आवरलं. मग तिनं एक पान उलटलं, मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"यात सोमवार एकही नाही."

"सोमवारी सुट्टी राह्यते."

"आणि दिवाळीत?"

"आठ दिवस कारखाना बंद राह्यते. कोरे हायेत."

तिनं सगळ्या पानांची झेरॉक्स काढून यांच्या फाईलला लावली. म्हणाली, पेशंट असं कधी लिहून आणत नाहीत. मी म्हणाले, मी पेशंटसाठी लिहिलं नव्हतं.

रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. त्यात मोठं काही निघालं नाही. तिनं समजावून सांगितलं ते मला असं कळलं. थिनरची वाफ श्वासातून रक्तात जाते, रक्तातून मेंदूत. हात धुतले की कातडीतूनही जाते. दारूसारखीच गुंगी येते, म्हणून चाल तशी होते. रोजची गुंगी सुट्टीत उतरते. पण वर्षानुवर्षं तेच होत राहिलं की काही गोष्टी उतरत नाहीत. आठवण, राग, वास, हातापायांचा तोल, रंग ओळखणं. फोटोत दिसलं नाही म्हणजे झालं नाही, असं नाही.

"रंग?" मी विचारलं.

"हो. निळा आणि हिरवा वेगळा न दिसणं वगैरे. का?"

नवरा माझ्या शेजारी बसला होता आणि स्वतःच्या बोटांच्या नखांकडे बघत होता.

यावर औषध काय, तर ते काम सोडायचं. किती भरून येईल सांगता येत नाही, पुन्हा त्या खोलीत गेले तर मात्र आहे तेही जाईल. कारखान्याच्या मालकासाठी तिनं एक चिठ्ठी दिली. त्यात हवा बाहेर फेकणारा पंखा, वाफ अडवणारा खरा मास्क, हात धुवायला दुसरं काहीतरी, असं लिहिलं होतं.

चिठ्ठी घेऊन मी गेले. मालकाने वाचली आणि टेबलावर ठेवली.

"वहिनी, म्या सोता बावीस वर्षं रंग मारला. मले काई झालं का?"

"डॉक्टरीणबाई म्हनते का सगळ्यायले सारखं होत नाई."

"बरोबर हाय. पाहू आपन." त्याने चहा मागवला. चहा पितापिता चिठ्ठीकडे त्याचं पुन्हा लक्ष गेलं. उचलली, वाचली. "वहिनी, म्या सोता बावीस वर्षं रंग मारला. मले काई झालं का?"

मी कप खाली ठेवला. तो मस्करी करत नव्हता. मी पुन्हा तेच उत्तर दिलं, त्याने पुन्हा पाहू म्हटलं. निघताना दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "कोन्या कामानं आलत्या वहिनी?"

पुढे मंडळाच्या सात जणी त्या कारखान्यात गेल्या, मला न विचारता. अध्यक्षबाईंनी सगळ्यांना घेऊन त्या खोलीत उभं केलं. दहा मिनिटांत दोघी बाहेर येऊन ओकल्या. त्यानंतर चिठ्ठीतला पंखा बसला. मास्कही आले. पंखा चालू असला की धूळ येते म्हणून अर्धा वेळ बंद असतो, आणि मास्क खिळ्याला टांगलेले असतात कारण त्यात घाम येतो. पण आहेत.

नवऱ्याने काम सोडलं. पहिले दोन महिने ते ओट्यावर बसून होते, आणि सकाळी आठ वाजले की उठून मोटारसायकलची किल्ली शोधायचे. किल्ली मी सासूबाईंच्या कमरेला अडकवली होती. मग ते शेतात यायला लागले. डोकेदुखी गेली. राग गेला, म्हणजे बराचसा गेला. तोल बरा झाला, शेताच्या अरुंद धुऱ्यावरून चालतात. आठवण तशी आली नाही. मेथीच्या एकाच वाफ्याला दोनदा पाणी देतात आणि शेजारचा कोरडा राहतो, म्हणून मी पाणी दिलेल्या वाफ्यावर काडी रोवायला सांगितली. आता काडी रोवायचं कधीकधी राहतं. कोथिंबिरीतली पिवळी पानं त्यांना निवडता येत नाहीत, ते काम सासूबाई करतात. जुड्या मात्र यांच्यासारख्या कोणी बांधत नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत अध्यक्षबाई म्हणाल्या की यांचं नाव रजिस्टरातून काढून टाकू. मी म्हणाले, खोडता येत नाही, नोंद ती नोंद. बरीच चर्चा झाली. शेवटी प्रत्येक नोंदीसमोर समासात मी लिहिलं, हे दारू प्यालेले नव्हते. छप्पन वेळा लिहावं लागलं. सही अध्यक्षबाईंनी केली, त्यांना तेवढं येतं. मग मी सचिवपदाचा राजीनामा दिला. तो त्यांनी घेतला नाही आणि पुन्हा दिल्यावर घेतला.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की तसं लिहून आले. ते वांग्याच्या रोपांना माती लावत होते.

"बरं केलं," ते म्हणाले.

"तुमी मंधात सांगनंच काऊन सोडलं होतं? पेत नाई म्हनून?"

ते पुढच्या रोपाला माती लावायला लागले. मला वाटलं प्रश्न विसरले.

"मले वाटे," ते म्हणाले, "का पेत असन मी. आन इसरून जात असन. तू खोटं कायले लिवशीन?"

मी दुसऱ्या ओळीत जाऊन माती लावायला घेतली. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत काम केलं. वांग्याचे सगळे वाफे झाले.

गेल्या पोळ्यानंतर एका दुपारी कारखान्याच्या मालकाची बायको बसने आमच्या गावी आली. मी तिला त्याआधी फक्त आमच्या मुलीच्या लग्नात पाहिलं होतं. ती ओट्यावर बसली, पाणी प्याली, आणि घरचे बरे आहेत का म्हणून तिनं विचारलं. मग म्हणाली, "ताई, तुमच्या घरच्यायले सुरुवातीले काय होत होतं?"

मी तोंड उघडलं, पण नवरा आतून बाहेर आला होता. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं. डोकं कसं दुखायचं, कोणत्या बाजूला. बोलताना शब्द कसा जिभेपाशी येऊन परत जायचा. घरचा रस्ता एकदा कसा अनोळखी वाटला होता, हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगताना ते मध्येच थांबायचे, कुठे होतो ते त्यांना आठवायचं नाही, आणि ती बाई घाई न करता थांबायची. तिला सवय दिसली.

"माह्यावाले आता नवीन काईच बोलत नाईत," ती म्हणाली. "तेच तेच इचारतात. आन म्हनतात, मले काई झालं का?"

"त्यायले दवाखान्यात न्या," माझा नवरा म्हणाला. "मी येतो संगं. बुधवारी थे डॉक्टरीणबाई राह्यते."

बुधवारी ते तिघं गेले. मी बाजारात होते, माल होता.